माशात मनुका

...नाही नाही, ती खाली ठेवा आधी! लेबलवर किल्ला छापला म्हणून आतली वाइन काही राजघराण्यातली होत नाही. आपल्याकडे पद्धत उलटी आहे साहेब — आधी जेवायला काय आहे ते सांगायचं, मग बाटली. पाय न बघता कुणी चप्पल देतं का? — हां, मग! मटण असेल तर ती अर्जेंटिनाची, काळीभोर, मटणाला पुरून उरेल. चीज असेल तर — काय? मासा? मग रेडकडे बघूसुद्धा नका, तोंडात खिळा चोखल्यासारखं होतं. मी केलंय हे, लग्नाच्या पहिल्या वर्षी, हट्टाने. बायको हसून हसून लोळली होती. असो. मासा तळलेला? भाजलेला, बरं. वर लिंबू? — संत्र्याच्या चकत्या. बरं. हिरवी मिरची. बरं. आणि मनुका?

मनुका. माशात.

नाही हो, काही नाही, शिडी उतरताना गुडघा लचकतो हल्ली. पण मनुका कोण घालतं माशात! — म्हणजे घालत असतील, जग मोठं आहे. मूठभर ना? आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विचारते, ‘मीठ बरोबर आहे ना?’ — हसलात, म्हणजे विचारते. अहो, मला कसं माहीत म्हणजे काय — सगळ्याच विचारतात! ओळख... नवीनच का? छान. छान छान. कपडेही चांगले घातलेत तुम्ही.

तर ह्या माशाला काय लागतं ते मला विचारा. त्याच्यापायी अर्धं जग पालथं घातलंय मी — बाटलीतून हो, विमानात कोण बसलंय! स्पेनची आणली, मिरचीने तिचा पार निकाल लावला. न्यूझीलंडची आणली, ती संत्र्याशीच भांडत बसली. चिली झाली, इटली झाली — दर रविवारी एक मासा, एक बाटली आणि आम्ही दोघं... म्हणजे एक गिऱ्हाईक होतं. शेवटी सापडली, जर्मनीची रिझलिंग, किंचित गोडसर. काय जमली म्हणून सांगू! स्वयंपाकघरात नाचलो आम्ही, उलथनं हातात घेऊन!

गिऱ्हाइकाबरोबर नाचलो का? — बरोबर विचारलंत. नाही. गिऱ्हाइकाबरोबर नाही.

थांबा जरा, ह्या दुकानाचं तुम्हाला सांगितलं कुणी? तिने? आपणहून? काय म्हणाली, जशाच्या तसं सांगा — ‘तिथे जा, मासा कसा केलाय ते सांग, तो बरोबर देईल.’ असं? तो बरोबर देईल.

नाही, ती फळीवर नसते. आत फ्रिजमध्ये एकच आहे, ती मी विकत नाही. म्हटलं, आलीच कधी परत, तर दारात उभी करून बाटली शोधत बसायला नको. दर रविवारी बाहेर काढतो, पुसतो, परत ठेवतो — वेडेपणा नुसता! घ्या. अहो घ्या, तोंड काय बघताय माझं? उघडून लगेच ओता, बर्फ घालू नका, आणि ग्लास काठोकाठ भरू नका, नाकाला जागा राहू दे.

आणि हे बघा — तिने विचारलंच, तर फळीवरची आहे म्हणा. तिथे ढीग पडलाय म्हणा. म्हणाल ना? — मग निघा बघू आता, मासा गार होईल.