सत्यवान पडलेलाच राहिला

नाही, नाही, पाणी नको — बरं, द्या थोडं, दमलोच आहे जरा. भायखळ्यापर्यंत ट्रामनं आलो, तिथून चालत, आणि इथं घोडपदेवात कंदिलाचा खेळ करणारे कुशाबा कुठं राहतात असं विचारलं तर तिघांनी तीन वेगळे जिने दाखवले. मी गंगाधरपंत, गिरगावातला. तुम्ही मला ओळखणार नाही, पण आमच्याकडं तुमचा सावित्रीचा खेळ झाला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. मुलगा शेजारी, सून पलीकडं बायकांत. उपरणं डोळ्यांना लावून बसलेला म्हातारा — नाही ना आठवत? कसा आठवेल, त्या दिवशी सगळेच डोळे पुसत होते.

तक्रार घेऊन आलेलो नाही, हे आधी सांगतो. खेळ चांगलाच होता. मी कॉलेजात संस्कृत शिकवलं, उभा जन्म तेच केलं, आणि हे आख्यान मुलांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेवटी मला त्यातले समासच तेवढे दिसायचे. आणि तुम्ही दिवा लावलात, ओल्या चादरीवर तो वड उमटला, रेड्यावरचा यम हलला — खरोखर हलला, पाऊल टाकत आला — तेव्हा माझे हात जोडले गेले. का जोडले? मागं काच आहे हे मला ठाऊक होतं. काचेवरून काच सरकते, हेही ठाऊक होतं. घासलेटचा वास येत होता. तरी जोडले. पुढं बसलेली ती कोळीण, पुतळाबाई म्हणून कुणीतरी हाक मारली तिला, ती तर उठून उभीच राहिली आणि यमाला म्हणाली, "मेल्या, सोर की त्याला, त्या पोरीकडं तरी बघ." लोक केवढे हसले. मी नाही हसलो. माझ्या मनात तेच होतं, फक्त मला ते उभं राहून म्हणता आलं नसतं. आमच्या शेजारचे तात्या, कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांनी पायातले जोडे काढून ठेवले — आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणतात, रेड्याची शिंगं चुकली आहेत. अशी आम्ही शिकलेली माणसं.

असो. मग सत्यवान उठला. तिच्या मांडीवरून डोकं उचलून बसला, आणि पाठीमागून कुणीतरी दिला वन्स मोअर. ही आमची गिरगावकरांची खोड. नाटकात पद आवडलं की वन्स मोअर, गाणारा पुन्हा गातो, त्यात कुणाचं काही जात नाही. पण इथं — इथं कुणाच्या ध्यानातच आलं नाही की पुन्हा उठायचं तर त्याला आधी पुन्हा मरायला हवं. तुम्ही काच मागं ओढलीत. काय करणार, लोक ओरडत होते. तो पडला. बायकांतून 'अगं बाई' असा आवाज आला. मग उठला, टाळ्या. पुन्हा वन्स मोअर, पुन्हा पडला. मीही एकदा ओरडलो असेन — ओरडलो, हो, मुलगा ओरडत होता म्हणून. आणि तो असा पडलेला असतानाच तुमच्या दिव्यानं काजळी धरली, ज्योत फडफडली, सगळं काळं झालं. लोक हसत उठले, वहाणा शोधत बाहेर पडले. तुमचा काय दोष त्यात, दिवा आहे, विझतो. पण खेळ संपला तो तसा संपला.

आता सांगतो, का आलो ते. हसू नका. हसलात तरी चालेल. मुलगा आजारी आहे. माधव. मुदतीचा ताप, डॉक्टर म्हणाले — मुदत भरेपर्यंत वाट पाहा, दुधाचं पाणी द्या, अंग पुसा. एवढंच. मोठे डॉक्टर आहेत, विलायतेत शिकलेले, आणि मला सांगतात वाट पाहा. मी म्हटलं, आणखी काही? तर टोपी उचलून म्हणाले, पंत, तुम्ही जाणते आहात. म्हणजे काय, ते मला नका विचारू. काही कळत नाही. तो रात्री बडबडतो, मला ओळखत नाही, आणि सकाळी ओळखतो तेव्हा माझीच विचारपूस करतो, अप्पा, तुम्ही झोपलात का?

आणि सून — कालिंदी — तिनं अन्न सोडलं आहे. नुसतं पाणी घेते. तिला दिवस गेले आहेत, कुशाबा. मी म्हटलं, मुली, सावित्रीचं व्रत तीन रात्रींचं, तुझ्या त्या रात्री होऊन गेल्या, आता जेव. तर म्हणाली, "मामंजी, पोथीत सत्यवान एकदाच मरतो ना?" म्हटलं, हो. "आणि उठतो ना?" म्हटलं, उठतो तर. "मग आपल्या इथं तो शेवटी पडलेलाच कसा राहिला?" तिच्या मनानं घेतलं आहे की सगळ्या गिरगावानं मिळून त्याला पाडलं आणि तसाच टाकून घरी आलो. आणि त्याच आठवड्यात माधवला ताप चढला. तो उठेपर्यंत ती घास घेणार नाही. तो म्हणजे — तुमचा, काचेवरचा. म्हणजे दोघंही.

मी समजावलं, नाही कसं? वर्गात समजावतो तसं समजावलं. खिडकीची तावदानं दाखवली, हे बघ, एका काचेवर पडलेला काढलाय, दुसरीवर उठलेला, माणूस हातानं पट्टी सरकवतो, झालं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. शहाणी आहे, लिहितावाचता मीच शिकवलं तिला. मग माधवकडं बघून म्हणाली, "यांची पट्टी कुणाच्या हातात आहे, ते सांगा." एवढी दर्शनं वाचली मी. उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तर असं. तुमचा कंदील घेऊन आमच्या घरी यायचं, माजघराच्या भिंतीवर एकदा, एकदाच, त्याला उठवायचं, आणि उठलेला असतानाच दिवा घालवायचा. एवढंच. ती जेवेल मग. बिदागी काय ती — काय म्हणता? आत्ताच? अहो, थांबा, पेटी कशाला उतरवता, आधी विचार तर करा. तुम्हाला कामं असतील. कुठं खेळ ठरला असेल. नाही? काहीच नाही?

बसा जरा. खाली बसा. खरं सांगू का — मला वाटलं होतं तुम्ही हाकलून द्याल. म्हणाल, पंत, एवढे शिकलेले आणि हे काय घेऊन आलात. ट्राममध्ये तेच घोकत होतो. मग मी घरी जाऊन तिला सांगितलं असतं, कंदीलवाले नाही म्हणाले, आता माझ्यासाठी दोन घास खा. कारण तुम्ही आलात, तो भिंतीवर उठला, ती जेवली — आणि माधव नाहीच उठला तर? तेव्हा ती दिव्याला नाही बोल लावणार, स्वतःलाच लावेल, म्हणेल घास घेतला म्हणून. आणि तुम्ही नाही आलात तर ती आजच — सकाळी तिला चुलीपाशी घेरी आली. इकडून विचार करतो, तिकडून करतो. तुम्ही नाही म्हणा. एवढं माझ्यासाठी करा. तोंडानं म्हणा, म्हणजे मला ऐकू येईल, नाहीतर घरी जाऊन खोटं बोलावं लागेल आणि ते मला साधत नाही, तिला लगेच कळतं.

म्हणा ना.

बरं. राहू द्या. निघतो मी. पाणी दिलंत, उपकार झाले. नाही, सोडायला येऊ नका, वाट आता माहीत आहे मला. अहो, येऊ नका म्हटलं ना. ती पेटी ठेवा खाली. मी तुम्हाला बोलावलेलं नाही, हे ध्यानात असू द्या, मी काहीच म्हटलेलं नाही — जिना अरुंद आहे. आडवी नका धरू. काच फुटेल.