मानपत्रातली चौथी ओळ

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे सरपंच माननीय रामसिंगभाऊ, व्यासपीठावर बसलेल्या पर्यवेक्षिका मॅडम, सूत्रसंचालन करणारे पवन सर, जिच्यासाठी हा मांडव घातला ती आपल्या अंगणवाडीची सोजरबाई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

पवन सरांनी आत्ता माझी ओळख करून दिली. "सोजरबाईंचा जीव वाचवणारे जानराव बापू." तुम्ही टाळ्याही वाजवल्या. तीस वर्षं झाली, मी या टाळ्या खाली मान घालून घेतो. लोक म्हणतात, बापू मोठे विनयशील. विनय कसला डोंबलाचा!

मला मानपत्र वाचायचं काम दिलं आहे. पहिल्या तीन ओळी चोख आहेत. अठ्ठावीस वर्षांची सेवा, गावातलं एकूणएक लेकरू हिच्या हाताखालून गेलं, सगळं खरं. चौथी ओळ ऐका. "मळणीच्या वेळी अनवधानाने पदर अडकून त्यांचा उजवा हात गेला, तरी त्या खचल्या नाहीत."

मंडळी, मी इथंच थांबतो. ही ओळ खोटी आहे. पवन सरांचा काही दोष नाही, गावात जे सांगतात तेच त्यांनी लिहिलं. गावाला ते मी सांगितलं होतं.

त्या वर्षी दसरा झाला होता. माझ्या वावरात सोयाबीनची गंजी लागलेली, वर आभाळ भरून आलेलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं मळणीचं मशीन भाड्यानं धनज गावाला जायचं होतं. मशीनच्या तोंडावर एक पत्रा असतो. हात आत जाऊ नये म्हणूनच असतो तो. पण पत्रा असला की पेंढी हळूहळू सारावी लागते. मी पाना घेतला, चार नट खोलले आणि पत्रा काढून बांधावर टाकला. सोजरबाई पेंढ्या टाकत होती. ती म्हणाली, "बापू, पत्रा काहून काढला?" मी म्हटलं, "पानी येऊन राह्यलं, तू हात चालव."

तिनं हात चालवला.

जीप शेलूबाजारहून यायची होती. पाव तास लागला असेल. बायकांनी सोजरबाईला पोत्यांवर निजवलं होतं, कोणी लुगडं फाडून बांधत होतं, तिचा नवरा ओरडत होता. तो माझ्याच घरी सालगडी होता. आणि तुमचे हे बापू त्या पाव तासात काय करत होते? बांधावरचा पत्रा आणून परत मशीनला बसवत होते. पोलीस येतील, मशीन बघतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चारही नट घट्ट आवळले, मग हात धुतले, मग जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन अकोल्याला गेलो. गावानं मांडी बघितली. पंचनाम्यात मी सांगितलं, पदर अडकला. पुढच्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं मला शाल दिली. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या टाकून.

सोजरबाई सहा महिने घराबाहेर आली नाही. तिची लेक साधना तेव्हा पहिलीत होती. लेक पाटी घेऊन बसली की ही शेजारी बसायची आणि डाव्या हातानं अक्षरं काढायची. दहावी झालेली बाई, तिचा 'ग' उलटा यायचा, आणि लेक तो पुसून सुलटा करून द्यायची. वर्षभरात हिचं अक्षर लेकीपेक्षा देखणं झालं. अंगणवाडीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, एका हातानं पोरं कशी सांभाळाल? ही म्हणाली, "पोराले कडेवर घ्याले एकच हात लागते साहेब. दुसरा तं तुमचाबी रिकामाच राह्यते." हसता काय, नोकरी मिळाली ना!

आणि तिची दुसरी नोकरी तुम्ही सगळे जाणता. दरसाल दसरा झाला की ही खळ्याखळ्यावर जाते. "पत्रा दाखवा," म्हणते. पत्रा नसला तर मशीनसमोर बैठक मारते, मशीन सुरू होऊ देत नाही. रामसिंगभाऊ, तुमच्याशी तर दोनदा भांडण झालं. पण तेव्हापासून या शिवारात कोणाचं बोटसुद्धा गेलं नाही. दरसाल ती पहिली माझ्याच खळ्यावर येते. पत्र्याला टकटक वाजवते, माझ्याकडे बघते आणि निघून जाते. त्या बघण्यानं माझी दिवाळी दरवर्षी कडू होते.

काल मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, सोजरबाई, तुला काही सांगायचं आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पत्र्याचं काय? म्या पाह्यलं होतं बापू. पोत्यावर पडल्या पडल्या पाह्यलं. तुमी पाना फिरवून राह्यले होते."

"मंग बोलली काहून नाही?"

"मालक तुमच्या घरी कामाले. दोन लेकरं. बोलली असती तं चूल पेटली असती काय?"

मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "ते काई मले जमत नाही बापू. लय येळा करून पाह्यलं." मग तांदळातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "पन लोकाईले सांगा. तीस वर्सं झाली, पोरीबाळीले म्हन्तेत, सोजरबाईवानी बेफिकीर राहू नको. म्या बेफिकीर नव्हती."

मायबहिणींनो, ती बेफिकीर नव्हती. तिनं विचारलं होतं, पत्रा काहून काढला. मीच तिला गप्प केलं.

पवन सर, तुमचा पेन द्या. फ्रेमची काच काढा जरा. हां. ही चौथी ओळ मी खोडतो आणि वर लिहितो: "जानरावने मशीनचा पत्रा काढला होता." वाचता येतं आहे. पुन्हा टाईप करू नका, असंच फ्रेममध्ये राहू द्या.

अध्यक्षांनी वेळ दिला, आयोजकांनी मान दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. बोलण्यात मागंपुढं झालं असेल तर ते तुम्ही पोटात घाला. वावरात जे झालं ते मात्र कोणी पोटात घालू नका. आणि सोजरबाई, यंदाही दसरा झाला की पहिली माझ्याच खळ्यावर ये.