पडद्यावर दोनच अक्षरं

माझं माहेर वारणानगरचं, वडील कारखान्यात वजनकाट्यावर व्हते. त्यांनी मला बी.कॉम. करू दिलं, टायपिंग करू दिलं, नि लग्नानंतर राजारामपुरीत आले तसा मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. भागीदार शैला, माझी कॉलेजातली मैत्रीण. काय सांगू तुम्हाला, आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, तिच्या पोरीचं बारसं माझ्या घरात झालं.

दोन हजार सालानंतर कॉम्प्युटर परीक्षेच्या केंद्राची मान्यता द्यायचं निघालं. ती मिळाली न्हाय तर पोरं केंद्र असलेल्या क्लासात जाणार, मंजे आमचं कुलूपच. अट एकच, मुख्य मशीन विंडोजवर न्हाय, लिनक्सवर चाललं पायजे, सोमवारी तपासणीवाले येऊन बघणार. लिनक्स दोघींत मलाच यायचं. शनिवारी दिवसभर बसून मी ते टाकलं, तीनदा बंद करून चालू केलं, तीनदा चाललं. शैला म्हणाली, तू जा घरी, पाय बघ कसं सुजलंत, कुलूप मी लावते.

सोमवारी दोघं आले, मी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एल नि आय. पुढं काय न्हाय. खरं तर तिथं लिलो असं इंग्रजी चार अक्षरी नाव उमटतं नि मग मशीन चालू होतं, हे दोनवरच अडलेलं. त्यातला एक म्हणाला, काय बाई, मशीनचा विमा उतरवलाय का, पुढचा सी कुठं गेला. मी केबल काढून बसवली, फ्लॉपी घालून बघितली, काय उपयोग न्हाय. शैला माझ्या पाठीवर हात फिरवत त्यांना सांगत व्हती, मी म्हणलं व्हतं हिला, ऐन वेळी नवीन काय टाकू नको. मला वाटलं घाबरून बोलतीया. ते गेले.

दुपारी शिरोली एमआयडीसीतनं ओळखीचे एक जण आले, तिथल्या फाउंड्रीत कॉम्प्युटर बघायचे. त्यांनी मला पासवर्ड विचारून मशीनचा आतला सेटअप उघडला, डिस्कची एक नोंद बदललेली व्हती, ती पैल्यासारखी केली नि मशीन चालू, पाच मिनिटांचं काम. मला सेटअप बघायचं सुचलंच न्हवतं, तिथं कोण हात लावणार. पोरं खेळ करतात म्हणून त्याला आम्हीच पासवर्ड लावलेला, शैलाच्या लेकीचं नाव, मीच सुचवलेलं. ते म्हणाले, पासवर्ड कुणाकुणाला ठावं हाय? मी म्हणलं, दोघींना. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला नि चहा न घेताच गेले.

मान्यता मिळाली शैलाच्या दिराच्या क्लासला, पुढच्याच गल्लीत. मग ती आली पुस्तकं न्यायला. म्हणाली, अगं, घरातलं माणूस, दिराला न्हाय कसं म्हणू. मी खुर्ची पुढं केली नि म्हणलं, बसा पावणं, पाणी घेणार का. आपल्याकडं रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, तिला ते बरोबर कळलं, रडायला लागली. पाणी दिलं मी, न द्यायला काय झालं.

आता क्लास न्हाय, त्याच जागेत झेरॉक्स नि फॉर्म भरायचं काम करते, बरं चाललंय. ती येते कधीमधी, रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला, अगं-तुगं करते, मी अहो-जाहो. तिचं बरंच व्हावं, वाईट चिंतत बसायला मला येळ कुठाय. निस्तं नावानं हाक मारायची तिनं सोडावी.