आमच्या न्हाणीघरातला अर्धा घोडा

त्या दिवशी हवा कशी होती म्हणाल, तर ओलं गोणपाट तोंडावर टाकल्यासारखी… पाऊस नाही, ऊन नाही, नुसता दमटपणा, बरणीतल्या मिठाचा गोळा झालेला, काडेपेटी पेटायला तयार नाही, आणि अशा हवेत लाकूड फुगतं हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं की. सगळा जन्म त्या दारामागे आंघोळी करण्यात गेला. पण म्युझियमच्या बाई दुपारी येणार म्हणून सूनबाई म्हणाली, बाबा, आज जरा लवकर आटपून घ्या, चारचौघांत बरं दिसतं. आणि मी आपला शहाण्यासारखा गेलो, दार लोटलं, अंगावर चार तांबे घेतले, टॉवेल गुंडाळला, कडी काढली, दार ओढलं… तर दार जागचं हलेना.

आणि मी आत.

आता तुम्ही म्हणाल, दार अडकलं त्यात सांगण्यासारखं काय? खरं आहे. आमचं दार अडकतंच. त्यावर ठरलेला उपाय आहे. भिंतीपलीकडे शेजारच्या ट्रकवाल्याचं स्वयंपाकघर, त्या भिंतीवर मी आतून तांब्या आपटायचा, तो जेवत असला तर हात धुऊन येतो, दाराच्या खालच्या कोपऱ्यात लाकडाला एक गाठ आहे तिथे त्याची टाच बरोबर बसते, एक लाथ मारली की दार आत उघडतं, मी बाहेर येतो, तो जेवायला परत जातो. इतकी साधी गोष्ट. पण त्या दिवशी बाई सकाळीच आल्या.

बाई का आल्या, ते सांगायला हवं. तुम्हाला सांगतो, मूळ दोष माझ्या डोळ्यांचा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर यायला वेळ होता, समोर म्युझियम, आत पंखे, म्हटलं बसू घटकाभर. बसलो, आणि समोर पाहतो तर काय, भिंतीला उभी केलेली दाराची एक फळी, तिच्यावर कोरलेला घोडा. अर्धाच. तोंड, मान, पुढचे पाय, आणि मान मागे वळवून तो कुठेतरी बघतोय, पण मागे तर काहीच नाही, फळीच संपलेली. मी अक्षरशत्रू माणूस, रखवालदाराला विचारलं, बाबा रे, पाटीवर काय लिहिलंय? त्यानं वाचलं, "मागे वळून पाहणारा घोडा. कारागीर अज्ञात." मी म्हटलं, अज्ञात कसा, आमच्या खापरपणजोबांनी केलाय तो, बाकीचा आमच्या न्हाणीघरात आहे.

तो खूप मायेनं बोलला हो. म्हणाला, "आजोबा, घरून कुणी आलंय का तुमच्याबरोबर?"

पण खोटं काय होतं त्यात? खापरपणजोबा लाकडावर कोरायचे. स्वतःच्या घराला त्यांनी दोन फळ्यांचं दार केलं, दोन्ही फळ्यांवर मिळून एक घोडा. त्यांच्या मागे दोघा मुलांच्या वाटण्या झाल्या, दार कुणीच सोडेना, मग एकेक फळी घेऊन दोघं दोन दिशांना गेले. थोरल्याकडे तोंड गेलं. आमच्या वाट्याला… मागची बाजू म्हणतो, सभ्य शब्दात. पण चांगलं लाकूड टाकवतं का? लावलं न्हाणीघराला.

रखवालदारानं गंमत म्हणून ही गोष्ट बाईंना सांगितली, आणि बाईंनी ती गंमत म्हणून घेतली नाही, इथेच सगळं बिघडलं. त्यांनी जुनी दफ्तरं काढली, त्यात ती फळी आमच्या दादाच्या वडिलांनी दिल्याची नोंद. दादा म्हणजे थोरल्या शाखेतला माझा चुलतभाऊ. त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेमागे वंशावळ आहे, मोठं झाड काढलंय, पानापानांत नावं, आणि आमची फांदी? नाही. खोडालाच फुटलेली नाही. दादानं बाईंना सांगितलं, आमच्या पूर्वजांना मुलगा एकच, दुसरी फळी जळाली, हे न्हाणीघरवाले कोण ते मला ठाऊक नाही.

मला काय मिळवायचं होतं सांगा? पण आपण ज्याच्या दारामागे जन्मभर आंघोळ केली, तो आपला कुणीच नाही म्हणे. डोळे मिटायच्या आत त्या झाडावर आमची एवढीशी फांदी निघावी आणि पाटीवरचं ते अज्ञात पुसलं जावं, एवढंच मनात होतं. बाई म्हणाल्या, दोन्ही फळ्या एकाच हातच्या ठरल्या तर बघू. म्हणून त्या यायच्या होत्या दुपारी, आल्या सकाळीच. आणि येताना दादाला घेऊन आल्या.

आणि मी आत. टॉवेलवर.

मला काय माहीत कोण आलंय? मी तांब्या आपटला. ट्रकवाला धावत आला, पाय उचलला, आणि बाईंचा आवाज, "अहो, पाय खाली घ्या आधी." बिचारा किती वेळ एका पायावर उभा होता म्हणे. मग बाई दाराशी येऊन मला समजावायला लागल्या, आजोबा, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, तेल सोडायचं नाही, ही वस्तू आता साधी राहिलेली नाही. मी म्हटलं, मग मी काय करू?

"बादली आहे ना आत?"

"आहे."

"उपडी घाला आणि बसा."

बसलो. दुसरं काय करणार? बाहेर मोजमाप चाललेलं, म्युझियममधल्या घोड्याचा कागदावर उतरवलेला नकाशा आणला होता तो लावून बघणं चाललेलं, पाठीची रेघ जुळते म्हणाल्या, खोगिराचा पट्टा जुळतो म्हणाल्या. आणि दादा सावकाश म्हणतो, "मागून सगळे घोडे सारखेच दिसतात." बाईंनी विचारलं, हा हिरवा रंग कुणी फासला? सूनबाई म्हणाली, मीच, खिडक्यांचा उरला होता. मला तर दिसणार काय? दाराची मागची बाजू. म्हणजे मागच्या बाजूची मागची बाजू.

मग बाईंनी विचारलं, खाली ही गाठ कसली? सूनबाईनं सांगितलं, ती लाथेची जागा. बाईंनी तिथे पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासायला सुरुवात केली. ते मात्र मला ऐकू येत होतं, खर्र खर्र, उंदीर कुरतडतो तसं. मग तेही थांबलं. तुम्ही कधी बंद दारामागे, ओल्या अंगानं, बादलीवर बसून बाहेरची शांतता ऐकलीय का? माणसाला काय काय वाटतं.

शेवटी सूनबाई दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, गाठ नाहीये ती. माणूस आहे. मांडी घालून बसलाय, हातात पटाशी आहे, आणि घोडा त्याच्याकडेच बघतोय."

मी म्हटलं, कोण माणूस?

"नाक झिजलंय सगळं. पण कान बाबा… कान तुमचे आहेत."

आमचे कान तुम्ही बघताच आहात. सुपाएवढे. आमच्यात कुणाचेही बघा. ट्रकवाल्यानं बाहेर आधी स्वतःची टाच वळवून बघितली म्हणे, कारण ते नाक कुणाच्या टाचेनं झिजलं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि बाई एकदा कागदाकडे बघतायत, एकदा दादाकडे. दादानं टोपी खाली ओढली, पण असल्या कानांना टोपी कुठवर पुरणार?

मग दादाचा आवाज आला.

"भिंत फोडा. आपल्या खापरपणजोबांच्या तोंडावर आता कुणी पाय द्यायचा नाही."

आपल्या म्हणाला. मी बादलीवर बसून ऐकलं. गार पडलो होतो, दात वाजत होते, पण ऐकलं.

ट्रकवाल्यानं आपल्याच स्वयंपाकघरातून घाव घातले. मी विटांच्या भुकटीत माखून त्या भोकातून त्याच्या ओट्यावर उतरलो, टॉवेल एका हातात धरून, तर समोर दादा उभा. खिशातून रुमाल काढला, माझ्या कानातली माती पुसली, आणि रुमाल माझ्याकडेच ठेवून गेला.

आता झाडावर आमची फांदी निघालीय, ताज्या रंगाची, लांबून कळते. पण पाटी? पाटी बदलायची तर दोन्ही फळ्या शेजारी उभ्या हव्यात, आमची फळी काढायची तर हवा कोरडी हवी, हवा कोरडी झाली की समितीची सही हवी, आणि सही मिळेस्तोवर पुन्हा हवा दमट. तोवर दाराला हात लावायचा नाही. भिंत बुजवायची नाही, नाहीतर न्हाणीघरात जाणार कुठून? म्हणून रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकायचा, ट्रकवाल्याचं दार वाजवायचं, त्याच्या ओट्यावर चढायचं, तापत्या दुधाला वळसा घालायचा, भोकातून वाकायचं…

आणि मी आत.

पूर्वी पाय द्यायचा, आता तो हात देतो. काल मला ओट्यावर चढवता चढवता म्हणाला, "आजोबा, तुमचं अख्खं घराणं रोज आमच्या ओट्यावरून आंघोळीला जातंय. आता त्या झाडावर आमचीही एक फांदी काढायला सांगा."