गेमिंग लिहिलेलं नको

प्रफुल्ल : काका, हा तिसरा मदरबोर्ड. याच्यावरही गेमिंग लिहिलंय. आता काय करू, मार्करने खोडून देऊ?

वाल्मीक : दुसरा दाखवा. साधा.

प्रफुल्ल : साधा म्हणजे हाच. कंपन्याच तसं छापतात हो. मॉनिटरवर गेमिंग, कीबोर्डवर गेमिंग, माऊसवर गेमिंग. परवा एक खुर्ची आली, तिच्यावर पण गेमिंग. आता खुर्चीवर माणूस बसणार, अजून काय करणार?

योगिनी : पप्पा, ते नुसतं नाव आहे. या कॅनडा कॉर्नर भागातलं हे तिसरं दुकान. तिन्हीकडे तुम्ही खोकीच वाचत बसलात. आतल्या वस्तूकडे बघितलंच नाही.

वाल्मीक : आतलं मला काय कळतं? मी फिटर माणूस. लिहिलेलं तेवढं वाचता येतं.

प्रफुल्ल : ताई, तुमची यादी परत सांगा बरं. पहिल्यापासून. कशासाठी हवाय, बजेट काय.

योगिनी : सत्तर हजारांत बसवायचंय. माझं बीसीए झालंय, प्रोग्रामिंग करते, गेम बनवते. सहा कोरचा प्रोसेसर, सोळाची रॅम, एसएसडी आणि ग्राफिक कार्ड. कॅबिनेट पत्र्याचा डबा दिलात तरी चालेल, लाईटबिईट नको. पण कार्डाशिवाय उपयोग नाही.

प्रफुल्ल : यादी बरोबर आहे, पण दिवाळीच्या आधीची दिसते. रॅम दुपटीच्या वर गेली. रोज सकाळी डीलरला फोन करून भाव विचारायचा, म्हणजे कांदा झालाय त्याचा. या यादीला सत्तर नाही पुरणार.

वाल्मीक : मग ते कार्ड काढा.

योगिनी : काढलं की संपलं, पप्पा. किती वेळा सांगू? प्रोसेसर हिशोब करतो आणि कार्ड चित्र काढतं. आत्ता माझ्या मैत्रिणीच्या, स्नेहाच्या लॅपटॉपवर काम करते ना, त्यात कार्ड नाही. माझा पतंग अडकत अडकत उडतो. आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, जोरात फिरवली की पडदाच गोठतो. आणि वीस तारखेला पुण्याच्या कंपनीला दाखवायचाय. चालू गेम दाखवायचाय, गोठलेला नाही. नोकरी त्याच्यावर आहे.

प्रफुल्ल : पतंगाचा गेम? हे भारी आहे.

योगिनी : मूळचे येवल्याचे आहोत आम्ही. गच्ची, मांजा, आसारीवर एक जण, मांज्याला एक जण. दोघांनी खेळायचा.

वाल्मीक : शेवटी नाव गेमच ना.

योगिनी : मग काय भजन म्हणू त्याला?

प्रफुल्ल : असू द्या, असू द्या. काका, तुमची नेमकी शंका काय आहे? मोकळं बोला. इथं रोज आईवडील येतात, पोरगं बिघडेल म्हणतात. ही तर पोरगी शिकलेली दिसतेय.

वाल्मीक : याच्यावर पत्ते खेळता येतात का?

प्रफुल्ल : पत्ते? येतात की. एकट्याने खेळायचे पत्ते कॉम्प्युटरवर पहिल्यापासून आहेत.

वाल्मीक : तसले नाय. लोकांसंगं. पैशावर.

प्रफुल्ल : रमी? ते सगळं सरकारने बंद केलं ना.

वाल्मीक : बंद केलं म्हणतात. एक बंद झालं की दुसरं येतं, नाव बदलून. आत घ्यायला फुकट पैसे पण देतात. हा इंटरनेट न लावता चालत नाय का?

योगिनी : चालतो ना. फ्रीजसुद्धा वायर न लावता चालतो, कपाट म्हणून.

वाल्मीक : सरळ बोल जरा.

योगिनी : सरळच बोलतेय तासभर. दादा, कार्ड बसवायला काय कमी करता येईल ते सांगा. मॉनिटर लहान चालेल. कीबोर्ड घरात जुना आहे.

प्रफुल्ल : एक रस्ता आहे, की आत्ता कार्डाशिवाय घ्या आणि पुढच्या दिवाळीला कार्ड टाका.

वाल्मीक : हे बरं हाय.

योगिनी : काय बरं आहे? वीस तारीख काय दिवाळीपर्यंत थांबणार आहे?

प्रफुल्ल : बरं, मग दुसरा रस्ता. वर माळ्यावर एक वापरलेलं कार्ड आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाने नवं घेतलं आणि हे माझ्याकडे दिलं. वर्षभर चाललंय, सहा महिने मी स्वतः जबाबदारी घेतो. ते टाकलं तर सत्तरमध्ये बसतं. आणू?

योगिनी : आणा.

वाल्मीक : नका आणू.

प्रफुल्ल : बघायला काय जातंय, काका? मी शोधतो, दहा मिनिटं लागतील. तुम्ही दोघं बोलून घ्या. चहा सांगतो.

योगिनी : गेले ते. आता बोला. आणि हळू बोला, मला अजून एका दुकानात तमाशा नकोय.

वाल्मीक : मी कुठं काय बोलतोय?

योगिनी : तेच तर. बोलत नाही, नुसतं नाही नाही करता. आठ महिने क्लासमध्ये सातवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले मी, पप्पा. यातले निम्म्याहून जास्त माझे आहेत. तुम्ही आपणहून म्हणालात, बाकीचे मी घालतो. मी मागितले नव्हते. आता घालताय तर असं छळून का घालताय?

वाल्मीक : छळत नाय.

योगिनी : मग काय चाललंय? दुकानदाराला विचारता पत्ते खेळता येतात का. माझ्यासमोर. मी रमी खेळेन असं वाटतं तुम्हाला?

वाल्मीक : नाय वाटत.

योगिनी : मग पोरी गेम बनवत नाहीत असं वाटतं?

वाल्मीक : तसं पण नाय. तू काय पण बनवशील.

योगिनी : मग राहिलं काय? जयरामकाका. सगळं तिथं जाऊन अडतं. घरात गेम म्हटलं की आई पोळपाट आपटते. कंपनीचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बोलले. का, तर तोंडातून गेम शब्द निघेल म्हणून.

वाल्मीक : जयरामचं नाव नको घेऊ.

योगिनी : का नको? तुमचा फंड त्यांनी नेला. दुकान टाकतो म्हणून नेला आणि मोबाईलवर रमीत घालवला. मामाच्या हर्षलदादाच्या हळदीत आई त्यांना चारचौघांत बोलली, तेव्हा मान खाली घालून उभे होते. पण त्यांनी केलं, त्याची शिक्षा मला का? ते तिकडे येवल्यात आरामात बसलेत आणि मी इथं ग्राफिक कार्डासाठी भीक मागतेय.

वाल्मीक : योगू, जयरामकडं फोन कोणता हाय?

योगिनी : काय?

वाल्मीक : फोन. कोणता वापरतो तो?

योगिनी : बटणांचा. निळा. मागचं झाकण निघतं म्हणून रबर लावलेला.

वाल्मीक : त्याच्या आधी कोणता होता?

योगिनी : तोच असेल. मी लहान होते तेव्हापासून तोच आहे. पण त्याचं काय?

वाल्मीक : मग रमी कशावर खेळला तो?

योगिनी : पप्पा.

वाल्मीक : तू विचारलंस म्हणून सांगतोय. नाय तर सांगणार नव्हतो. कंपनी बंद पडली ते वर्ष आठव. तू कॉलेजला, आई शिवणाच्या ऑर्डरी घेऊन भद्रकालीच्या बाजारात. दुपारी घरात मी एकटा. बत्तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस, त्याला दुपार कशी काढायची माहीत नसतं. पन्नास रुपयापासून सुरू झालं. पहिल्या आठवड्यात जिंकलो. तुला पांढरे बूट आणले होते त्यातून.

योगिनी : फाटेपर्यंत घातले मी ते.

वाल्मीक : हां. नंतर फंड आला, आन मग जिंकलो नाय.

योगिनी : आणि काका?

वाल्मीक : तुझ्या आईनं पासबुक मागितलं. मी म्हणलं, जयरामला दिलेत. मग त्याला फोन केला, म्हणलं वहिनीनं विचारलं तर हो म्हण, महिन्यात भरून टाकतो. तो म्हणला, बरं. महिन्यात कुठलं भरतोय? ती मागंच लागली, तर शेवटी मी म्हणलं, त्यानं गेममध्ये घालवले. ते पण त्यानं ऐकून घेतलं.

योगिनी : तीन वर्षं. तीन वर्षं आम्ही त्या माणसाशी बोलत नाही. त्यांनी पाठवलेले तिळाचे लाडू आई गाईला घालते.

वाल्मीक : माहीत हाय.

योगिनी : आईला माहितीये?

वाल्मीक : नाय.

योगिनी : आणि काका काहीच म्हणाले नाहीत कधी?

वाल्मीक : एकदा विचारलं त्यानं. बंद केलं का, एवढंच.

योगिनी : केलंत?

वाल्मीक : मोबाईलमधून काढून टाकलं. सहा महिने झाले. पण खोटं कशाला बोलू, हात जातो अजून. मोबाईल लहान हाय, चष्म्यातून धड दिसत नाय, डोळे चुरचुरतात, म्हणून तरी थांबतो. आता दुपारचा घरात एवढा मोठा पडदा आला. तू पुण्याला गेलीस, तो टेबलावर तसाच. मला तुझा भरोसा हाय, योगू. माझा नाय.

योगिनी : मी स्नेहाला सांगितलं की आमचे पप्पा जुन्या वळणाचे आहेत. मुलीला कॉम्प्युटर द्यायला घाबरतात.

वाल्मीक : तेच खरं असतं तर बरं होतं.

योगिनी : माझ्याकडे नका बघू आत्ता. मला खूप राग आलाय.

वाल्मीक : येणारच.

प्रफुल्ल : सापडलं. धूळ आहे थोडी, फुंकर मारली की झालं. आता हे बघा, याच्यावर पण गेमिंग लिहिलंय काका, माझा नाइलाज आहे. काय झालं? चहा आला नाही का अजून?

योगिनी : दादा, कार्ड टाका. बिल करा.

वाल्मीक : योगू...

योगिनी : मी वीस तारीख सोडणार नाही. तुमच्यासाठी काकांनी स्वतःचं नाव सोडलं तेवढं बस झालं. चौदाला संक्रांत आहे. आपण तिघं येवल्याला जायचं. काकांच्या गच्चीवर, काकांच्या समोर, तुम्ही आईला सांगायचं. मी सांगणार नाही.

वाल्मीक : घरात उभं करणार नाय ती मला.

योगिनी : नाही करणार कदाचित. तरी सांगायचं.

वाल्मीक : एकदम गच्चीवर? जयरामला आधी फोन करतो.

योगिनी : फोन नाही. फोनवर तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं ते ऐकलं मी आत्ता.

वाल्मीक : बरं. सांगतो.

प्रफुल्ल : म्हणजे फायनल ना? नाही, मी खोकं फोडलं की परत घेत नाही, म्हणून विचारतो.

वाल्मीक : फायनल. फोडा.

(दीड तासाने. काउंटरवर मशीन जोडून चालू झालं आहे.)

प्रफुल्ल : ऐका. आवाज येतो का पंख्याचा? नाही ना. कार्ड ओळखलं, रॅम पूर्ण दिसतेय. ताई, तुमचा गेम आणलाय का? इथंच लावून बघा, घरी जाऊन रडारड नको.

योगिनी : पेनड्राइव्हवर आहे. थांबा. हे असं. आता आसारी सोडते.

प्रफुल्ल : अरे, मस्त. कुठं अडकत नाही. काका, लांब काय उभे राहिलात, इकडे या. बघा पोरीने काय केलंय.

वाल्मीक : दिसतंय इथून. चांगलं हाय. ढील दिली की पतंग एवढा लगेच खाली येत नाय पण. आधी मागं सरकतो.

योगिनी : किती सरकतो?

वाल्मीक : वाऱ्यावर हाय ते. जयरामला नीट माहीत.

योगिनी : हं.

प्रफुल्ल : चला, शेवटचं काम. विंडोजला पासवर्ड टाकू. काय ठेवायचा ताई? सोपा ठेवा, घरात सगळ्यांच्या लक्षात राहील असा.

वाल्मीक : थांबा, भाऊ. मी बाहेर जाऊन उभा राहतो, मग विचारा तिला.