चौथ्या मजल्याच्या खिडक्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक साहेब, सुरक्षा विभागाचे साहेब, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या, सत्काराच्या मानकरी आपल्या मॅडम, त्यांचे यजमान, आणि परकीय गुंतवणूक कार्यालयातील माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

गेल्या वर्षी अकरा मार्चला, मंगळवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी मॅडमच्या दाराबाहेर उभा होतो आणि हातातला नकाशा उघडून पुन्हा घडी घालत होतो. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण समोरच्या घड्याळाकडे बघण्याखेरीज मला काही सुचत नव्हतं.

मी नववीपर्यंत शिकलेला. माझं काम फाइलींना नकाशे लावायचं आणि जागेवर टेप धरायचं. सभेत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. मान वर केली नाही तर राग मानू नका.

मॅडमची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. परदेशी कंपनीला जागा द्यायची असेल, तर सही करण्याआधी त्या जागेची हद्द पूर्ण पायी चालायची. नवे अधिकारी म्हणायचे, "मॅडम, फोटो आहेत की!" मॅडम म्हणायच्या, "फोटोला चिखल लागत नाही. चला." मग टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि टेपचं एक टोक माझ्या हातात.

लिफ्टच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीची जागा आम्ही अशीच चाललो. पैसा कुणाचा, खरा मालक कोण, सगळं तपासून झालं होतं. गुंतवणूक विभागाचा शेरा 'तातडीचे', सुरक्षा विभागाचा 'हरकत नाही'. सातशे माणसांना काम मिळणार होतं. जागेच्या पूर्वेला एक उंच भिंत होती. नकाशावर भिंतीपलीकडे नुसता कोरा कागद. तिथे काय आहे ते मी सांगणार नाही. परवानगी नाही, आणि खरं तर मला नीटसं माहीतही नाही. सुरक्षा विभागाचे साहेब, आपण निश्चिंत बसा.

परत येऊन मी कारखान्याच्या इमारतीचा आराखडा फाइलीला लावत होतो. भिंत सात मीटर. इमारत सोळा मीटर. चौथ्या मजल्यावर पूर्वेला बावीस खिडक्या. आम्ही सगळे जमिनीवरून चाललो होतो, म्हणून आम्हाला भिंत दिसली. त्या खिडक्यांतून भिंतीच्या आतलं दिसणार होतं.

हे कळूनही मी दोन दिवस गप्प बसलो. आज सगळ्यांसमोर कबूल करतो. माझे भाऊजी चौदा महिने घरी बसून होते. ताई शिवणकामावर घर ओढत होती. त्याच कारखान्यासाठी भाऊजींनी अर्ज तयार ठेवला होता. त्यातल्या वेलांट्या मीच तपासल्या होत्या. घरी मला घास जाईना.

"कुणी रागावलं का रे?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग प्रेमात बिमात पडलास का?"

"हा?" भाऊजी म्हणाले. "हा पडलाच तर आधी खोली मोजून घेईल!"

ते हसले. किती दिवसांनी हसले होते! आणि मला वाटलं, मी तोंड उघडलं तर हे हसू मीच पुसणार.

मंगळवारी तोंड उघडलं. मॅडमनी आराखडा पाहिला, मग माझ्याकडे.

"दोन दिवस का थांबलास?"

मी भाऊजींचं सांगितलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुला कारखानाही हवा आणि भिंतही. मलाही दोन्ही हवंय. बस खाली, खुर्ची ओढ."

दुसऱ्या दिवशी बैठक. सुरक्षा विभागाचे साहेब म्हणाले, "नकार द्या, विषय संपवा." गुंतवणूक विभागाचे साहेब म्हणाले, "आज कारण न सांगता नकार दिलात, तर उद्या आपल्या दारात कोण उभं राहील?" मॅडमनी दोघांचंही ऐकलं आणि कंपनीच्या परदेशी प्रतिनिधी बाईंना आत बोलावलं. भिंतीबद्दल अवाक्षर न काढता इतकंच सांगितलं, की पूर्वेला खिडकी चालणार नाही, गच्चीवर जाणाऱ्यांची यादी आमच्याकडे राहील, आणि हे आधी सांगायला हवं होतं, ती चूक आमची.

दुभाष्यानं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आम्हाला खिडकी नको, तारीख हवी. कामाला सुरुवात कधी करायची?"

सभागृहातल्या सुजाण मंडळींनो, परक्या माणसाला आपल्या अटींची भीती वाटते, की शेवटच्या दिवशी निघणाऱ्या अटीची? मला वाटतं, दुसऱ्या गोष्टीची. त्याच आठवड्यात मॅडमनी एक पानी सूचना काढली: कोणत्या जागा मागू नयेत, मालकांची कोणती माहिती द्यावी, आणि तीस दिवसांत आमच्याकडून हो किंवा नाही मिळेलच. आता अर्जाआधी हे पान हातात पडतं. ते सुवाच्य अक्षरात लिहायचं काम मला मिळालं. माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती. मॅडमनी ती पुढे कायम करून घेतली.

आराखड्यात इमारत फिरवली, गोदाम पूर्वेला गेलं, कारखाना उभा राहिला. भाऊजी पहिल्या मुलाखतीत नापास झाले. मॅडमनी शब्द टाकला नाही आणि मीही टाका म्हटलं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या खेपेला ते स्वतःच्या बळावर लागले. नेमके गोदामात. "एक खिडकी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? कुणा शहाण्यानं बंद केली कोण जाणे!" अशी रोज कुरकुर करतात. मी वरणभात खाली बघून जेवतो.

मॅडम, तुम्ही उद्यापासून येणार नाही. हद्द चालायला कोण, अशी चिंता मला आठवडाभर होती. सोमवारी त्याच कंपनीचं पत्र आलं. त्यांना शेजारची जागाही हवी आहे. पत्रात पैशाआधी, सवलतींआधी, पहिलाच प्रश्न असा आहे: "या वेळी खिडक्या कोणत्या बाजूला नकोत, ते कृपया कळवावे." शुक्रवारी सकाळी आम्ही ती जागा चालणार आहोत. दोन्ही विभागांचे साहेब स्वतः येतो म्हणाले आहेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, मापात कुठे चुकलो असेन, तर लहान समजून सांभाळून घ्यावं. मॅडम, नमस्कार करतो.