एकोणचाळिसावा थेंब

…नाही, मी म्हणतो, थेंब तर थेंब, पण थेंबालासुद्धा काही मान आहे की नाही? तुम्हाला सांगतो, गिरणी संपाचं दुसरं वर्ष, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत चार-चार साचे चालवणारे बाप्ये गॅलरीत बसून माश्या मारतायत, घरात आमची चंपा चार बिऱ्हाडांच्या पोळ्या लाटून संसार ओढतेय, भाजी कुठली करायची तेसुद्धा तीच ठरवते, मला कोण विचारतो? आणि अशात तळमजल्यावरचा वसंत! पीएचडी करतोय म्हणे, पाणी कसं वाहतं याच्यावर. अरे, उताराने वाहतं! त्यात शिकायचंय काय? पण नाही… "धर्माकाका, पाणी म्हणजे कण, आणि प्रत्येक कण बाकीच्या सगळ्यांना ढकलतो. कॉलेजचा कॉम्प्युटर मला आठवड्यातून एकदाच मिळतो. तुम्ही सगळे रिकामेच आहात, तर कण व्हाल का?"

दीड वर्षात मला कोणीतरी काहीतरी विचारलं हो! झालो लगेच थेंब.

चौकात एकोणचाळीस बाप्ये, हातात पोरांच्या पाट्या! प्रत्येकाने उरलेल्या अडतीस जणांना गाठायचं, मधली पावलं मोजायची, "तू मला किती ढकलतोस?" विचारायचं, बेरीज करायची आणि तेवढं सरकायचं. एका डावाला चौदाशे ब्याऐंशी प्रश्न! तिकडून महादेव बोंबलतोय, "मेल्या, माका किती ढकलतंस ता सांग आधी!" आणि संध्याकाळपर्यंत पाणी सरकलं किती? वीतभर! वर सगळे सरकले म्हणून परत पहिल्यापासून विचारा! पण खरं सांगू? मला लय बरं वाटलं. अडतीस माणसं दिवसभर मला विचारतायत!

तिसऱ्या दिवशी वसंत नाचतच आला. "काका, झटपट रीत सापडली! जवळच्यांना एकेकाला विचारा, पण लांबच्यांचा गठ्ठा करा. गठ्ठ्यातला एकच माणूस सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगेल."

"म्हणजे प्रतिनिधी! आधी नाही का सांगायचं?" लगेच निवडणूक, घोषणा, नारळ! नळाच्या कोपऱ्यात आम्ही तिघं, मी, महादेव आणि शामराव. प्रतिनिधी झाला महादेव. अख्खा चौक त्यालाच विचारतोय, तो छाती फुगवून आकडे ठोकतोय, आणि मला कोण विचारतो? जवळ उरला शामराव, तो एका बादलीवरून बारा वर्षं माझ्याशी बोलत नाही! पण पाणी? चहाच्या आत जिन्यापर्यंत पोचलं!

पुढे संप विरला, भोंगा परत वाजला, गिरणीने निम्म्या माणसांना आत घेतलं… मला कोण विचारतो? वसंत मात्र डॉक्टर झाला, पेढे आणि जाडजूड प्रबंध घेऊन घरी आला. पहिल्याच पानावर, 'अडतीस गिरणी कामगारांचे आभार.'

अडतीस? म्हटलं, "वसंता, आपण एकोणचाळीस होतो की रे!"

त्याने आकड्यांची वही काढून चाळली, चष्मा पुसला. "महादेवकाकांकडून बेरजेत तुम्हाला धरायचं राहून गेलं वाटतं. पण काळजी नको, काका, उत्तर बरोबर आलंय! एका थेंबाने पाण्याला काही फरक पडत नाही."

मी पेढा तोंडात टाकला. म्हटलं, "खरंय बाबा… गिरणीलासुद्धा नाही पडला."